राजेश्वरीची मोरघार

१

घोडदरीच्या कड्यावरचं घरटं जागच्या जागी होतं, त्यातलं पिल्लू मात्र नाहीसं झालं होतं.

हरिबा मेंढक्याने सकाळी ही बातमी आणली आणि दुपारपर्यंत ती नळदुर्गाच्या बसस्टँडपासून हायवेवरच्या शेवटच्या ढाब्यापर्यंत पोचली. एरवी रानातल्या एखाद्या पाखराचं पिल्लू गेलं असतं, तर कुणी चहाचा घोटही थांबवला नसता. पण हे पिल्लू गावाच्या ओळखीचं होतं. राजेश्वरी लाकडात चित्रं कोरायची आणि त्यावर शाई फिरवून कागदावर ठसे काढायची. नवं चित्र तयार झालं, की पहिले ठसे गावात वाटायचे हा तिचा रिवाज. एक हॉटेलात, एक सलूनमध्ये, एक किराण्याच्या दुकानात, एक ढाब्यावर. या वेळी तिने घोडदरीतली मोरघार कोरली होती. गरुडाच्या जातीतला हा शिकारी पक्षी पंख अर्धवट पसरून घरट्याच्या काठावर उभा होता, आणि पुढ्यात त्याचं पांढुरकं पिल्लू. चित्रात दरीचे दोन्ही कडेही ओळखू येत होते.

गावाने चित्र पाहिलं आणि गावाच्या पद्धतीने त्यावर मतंही दिली. मोरघारीची नजर सगळ्यांना आवडली. पिल्लाचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा मोठा झालाय, बाईंचा हात घसरला, असं सलूनमध्ये ठरलं. त्या पंजाच्या वर एक बारीक पांढरी रेघ होती, ती पटाशी चुकून लागल्याची खूण असल्याचं हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं. स्वतः त्याने आयुष्यात कधी पटाशी हातात धरली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

चित्रं भिंतींवर लागली आणि आठवडा उलटायच्या आत पिल्लू गेलं. मग मतं बदलली. बाईंनीच चोराला पत्ता दिला, असं लोक बोलायला लागले.

राजेश्वरी त्याच दिवशी शांताक्कांकडे आली. शांताक्का पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आता त्या, त्यांची मांजर चिन्नी आणि दारातली मोगऱ्याची वेल असा तिघींचा सुखाचा संसार होता. गावातल्या हरवल्या-चोरल्याच्या गोष्टी अजूनही आधी त्यांच्या ओसरीवर यायच्या आणि मग जमलं तर पोलीस ठाण्यात. शांताक्कांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर त्या वाटच बघत असायच्या.

"अक्का, चोर सापडला न्हाय तरी चालंल," राजेश्वरी म्हणाली. "माझ्या चित्रानं त्याला वाट दाखवली का, तेवढं मला सांगा. दाखवली असंल तर तो लाकडी ठसा म्या बंबात घालणार. आणि पटाश्या कुणाला तरी देऊन टाकणार."

तिचे डोळे रडून सुजलेले होते. रडणाऱ्या माणसाला शांताक्का कधी समजावत नसत, त्या त्याला खायला देत. त्यांनी भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

"बंब पेटवायची घाई करू नकोस," त्या म्हणाल्या. "उन्हाळा लागलाय. थंड पाण्यानं अंघोळ केली तर मरत न्हाय कुणी."

२

घोडदरीचे दोन्ही कडे जुळ्या भावांसारखे आहेत. तोच काळा पाषाण, त्याच कपारी, मधून उन्हाळ्यात आटणारा ओढा. दरीच्या तोंडाशी शांताक्कांची वाट बघत दोघं थांबले होते. एक हरिबा, आणि दुसरी वनरक्षक निकिता. निकिता नोकरीत नवी होती आणि नव्या माणसासारखीच कसून काम करणारी. बातमी कळताच वरून दोर सोडून ती थेट घरट्यापर्यंत उतरून आली होती.

तिने जे सांगितलं ते शांताक्कांनी मान हलवत ऐकून घेतलं. घरट्यात रक्त नव्हतं, उपटलेली पिसं नव्हती. म्हणजे दुसऱ्या जनावराने पिल्लू खाल्लं नव्हतं आणि उडण्याचं त्याचं वय नव्हतं. माणसानेच नेलं. घरट्यात निळ्या नायलॉनच्या दोऱ्याचा एक तुकडा सापडला होता, एका टोकाला सफाईने कापलेला. आणि काठावर कडुलिंबाची हिरवी डहाळी होती, पानं अजून न सुकलेली. मोरघारी घरट्यात ओला पाला आणून ठेवतात. पिल्लू गेल्यावरही आईबापांनी घर सोडलेलं नव्हतं.

"म्हणजे लवकर सापडलं तर परत ठेवता येईल," निकिता म्हणाली. "पण उशीर झाला की ते निघून जातील."

तिच्या मते प्रकरण सरळ होतं. निळा दोरा म्हणजे शिकाऱ्याचा फास. चोर आधी चुकून डाव्या कड्यावर चढला, कारण तिथे दगडावर नव्या दोराची घासट होती, नारिंगी रंगाचे धागे होते आणि चॉकलेटचा कागद पडला होता. तिथे काही मिळालं नाही म्हणून तो उजव्या कड्यावर गेला आणि पिल्लू घेऊन पसार झाला.

शांताक्का धापा टाकत उजव्या कड्याच्या माथ्यावर गेल्या. वय झालं होतं, पण दुसऱ्याने केलेल्या पाहणीवर विसंबायचं नाही ही सवय सुटली नव्हती. घरट्याच्या बरोबर वर हिवराचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याला करड्या रंगाची कुसं चिकटली होती. हरिबाने ती चिमटीत धरून सांगितलं, की हा अंबाडीचा सोल आहे, शेतकऱ्याच्या घरचा विहिरीचा जाड दोर.

आता एकच चोर दोन कड्यांसाठी दोन वेगळे दोर कशाला आणेल, हा प्रश्न शांताक्कांनी मनातच ठेवला. खाली आल्यावर त्यांनी दरीच्या तोंडाशी उभं राहून राजेश्वरीचं चित्र उलगडलं आणि हातभर लांब धरलं. एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा दरीकडे. मग हरिबाला विचारलं, की तुला काय दिसतंय.

हरिबाने डोक्यावरचा पटका मागे सारला. "बाईंनी घरटं डाव्या कड्यावर काढलंय की," तो म्हणाला. "खरं तर ते उजव्या कड्यावर हाय."

३

राजेश्वरीच्या घरी ओसरीभर शाईचा वास होता. तिने शांताक्कांसमोर सागवानी ठसा आणून ठेवला, आणि काय आश्चर्य, त्या लाकडावरचं घरटं बरोबर उजवीकडे होतं.

यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. लाकडावर जे उजवीकडे कोरावं ते कागदावर डावीकडे उतरतं. अक्षरं असली तर ती आधी उलटी कोरावी लागतात. पण पाखराला डावं काय आणि उजवं काय, म्हणून ती दृश्य जसं दिसलं तसंच लाकडावर उतरवायची आणि कागदावर उलटं येऊ द्यायची. जो भाग पटाशीने काढून टाकला तो पांढरा राहतो, जो उरतो तो शाई धरतो, हेही तिने समजावलं. शांताक्कांनी ते लक्ष देऊन ऐकलं, कारण त्यांना ही हत्यारं आणि हे काम मनापासून आवडायला लागलं होतं.

"मग ऐक," त्या म्हणाल्या. "तुझं चित्र बघून जो गेला, तो डाव्या कड्यावर गेला. आणि डाव्या कड्यावरून कुणीच काही नेलं न्हाय."

डाव्या कड्यावर कोण गेलं ते शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही. नारिंगी दोर आणि चॉकलेट खात कडे चढण्याची हौस गावात एकालाच होती. रणधीर हायवेला ढाबा आणि चार खोल्यांचं लॉज चालवायचा, आणि उरलेला वेळ रानातल्या पाखरांचे फोटो काढून मोबाइलवर टाकण्यात घालवायचा. शांताक्का त्याच्या ढाब्यावर जाऊन बसल्या, तेव्हा राजेश्वरीची मोरघार गल्ल्यामागच्या भिंतीवरून त्यांच्याकडे बघत होती.

रणधीरने काही लपवलं नाही. उलट त्यालाच राग आला होता. भल्या पहाटे कडा चढला, हात सोलपटले, कपारीन् कपार धुंडाळली आणि घरट्याची काडीही दिसली नाही. चित्र पाहून पाखरू शोधायला जाणं हा मूर्खपणा झाला, असं त्याने कबूल केलं. वर चित्रकाराला बोलही लावले. जिला पिल्लाचे दोन पाय सारखे काढता येत नाहीत, तिच्या भरवशावर गेलो, म्हणाला. कॅमेऱ्यातले फोटो त्याने आपणहून दाखवले. रिकाम्या कपारी, स्वतःचं थकलेलं तोंड आणि एक सरडा. हा सरडा चांगला आला होता.

शांताक्का राजेश्वरीकडे परतल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही आता हसेल. रणधीर सुटला आणि चित्रही सुटलं. पण राजेश्वरी ठशावर हात ठेवून बसून राहिली.

"दरीत मोरघारी कित्येक वर्षं हायत, अक्का. आजवर कुणी पिल्लाला हात लावला न्हाय," ती म्हणाली. "चित्र लावलं आणि मगच ते गेलं. वाट दाखवली नसंल, पण कायतरी केलंय माझ्या चित्रानं."

हे खरं होतं. परसात बंब अजून थंड होता, पण त्याच्या बाजूला राजेश्वरीने लाकडं फोडून ठेवली होती.

४

मोरघारीवर राग असलेली माणसं गावात दोनच होती.

पहिला हरिबा. तीन पावसाळ्यांमागे त्याचं एक कोकरू नाहीसं झालं होतं आणि त्याने सगळ्या दरीच्या पाखरांना शिव्या दिल्या होत्या. पण शांताक्कांनी विषय काढल्यावर तो ओशाळून हसला. कोकरू लांडग्याने नेलं हे त्याला नंतर कळलं होतं. शिवाय त्याला उंचावरून खाली बघितलं की गरगरायचं. आयुष्य कड्याच्या बुडाशी काढलेल्या माणसाला कड्याची भीती असावी याची त्याला लाज वाटत होती, म्हणून त्याने ते अगदी हळू सांगितलं. शांताक्कांना आठवलं, की वर हिवराच्या झाडापाशी तो बुंध्याला मिठी मारूनच उभा होता.

दुसरा शिवलिंग. याची कबुतरं नळदुर्गात मशहूर होती. वडिलांची शेती सांभाळून उरलेला सगळा जीव त्याने गच्चीवरच्या त्या पाखरांत ओतला होता. संक्रांतीनंतर मोरघारीने त्याचं सगळ्यात लाडकं कबुतर हवेतून उचललं, तेव्हा त्याने भर चौकात शपथ घेतली होती, की हिचं घर मोडीन. ती शपथ सगळ्यांना पाठ होती.

त्याच्याकडे जाण्याआधी शांताक्का चिकन सेंटरवर गेल्या. त्या स्वतः पक्क्या शाकाहारी लिंगायत, गळ्यात लिंग धारण केलेल्या. पण चिन्नीला त्याची काही कदर नव्हती. तिला तुकडे लागत, म्हणून शांताक्का तोंडाला पदर लावून दुकानाच्या कडेने जात. त्या दिवशी त्या आडोशाला आधीच कुणीतरी उभं होतं. शिवलिंग. त्याच्याही गळ्यात लिंग, हातात काळी पिशवी. दोघं एकमेकांकडे बघून इतके अवघडले, की दुकानदारालाच हसू आलं.

"कुत्र्यासाठी, अक्का," शिवलिंग म्हणाला.

"मांजरीसाठी," शांताक्का म्हणाल्या.

तो गेल्यावर दुकानदाराने सुरी पुसत तक्रार केली, की अलीकडे शिवलिंगअण्णा रोज येतो आणि त्याला तुकडे पिसासकट हवे असतात. सोललेले दिले तर परत करतो. असं गिऱ्हाईक आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

थोड्या वेळाने शांताक्का शिवलिंगच्या गच्चीवर जाऊन बसल्या. त्याने मान खाली घालून चहा आणला. कबुतर गेल्याचा दिवस त्याने पुन्हा सगळा सांगितला. संक्रांतीचा पतंगाचा मांजा पाखराच्या पायात अडकला होता, लांबलचक शेपटासारखा मागे लोंबत होता. त्यामुळे त्याला धड उडता येईना. शिवलिंग खालून ओरडत राहिला आणि मोरघारीने झडप घालून ते मांजासकट उचलून नेलं. सांगताना अजूनही त्याचा आवाज चिरकत होता.

पिल्लाचं विचारलं तर म्हणाला, "त्या घारीचं नावच काढू नका माझ्यापुढं."

शांताक्कांनी चहा संपवला. गच्चीवर ज्वारी पसरली होती, पण कबुतरं ती टिपत नव्हती. सगळी एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसली होती. पाण्याच्या टाकीशेजारी एक छोटी खोली होती, बाहेरून कडी लावलेली. त्या बाजूला एकही पाखरू फिरकत नव्हतं.

खाली उतरताना शांताक्कांनी अंगण न्याहाळलं. कुत्रं नव्हतं. कबुतरं पाळणाऱ्याच्या घरी कुत्रं असायचं कारणही नव्हतं.

५

घरी आल्यावर शांताक्कांनी चित्र जमिनीवर पसरलं. चिन्नी लगेच त्यावर येऊन बसली, तिला उचलून बाजूला ठेवलं. कोण, हे त्यांना समजलं होतं. का, हे समजत नव्हतं. सूड घ्यायचा होता तर त्याने पिल्लू मारून टाकलं असतं. रोज लाजत-लपत मांस विकत आणून त्याला कशाला भरवलं असतं?

त्यांनी चष्मा पुसला आणि या वेळी मोरघारीची नजर सोडून दिली. गावाने नावं ठेवलेल्या जागाच तेवढ्या पाहिल्या. पिल्लाचा मोठा पंजा. त्याच्या वरची बारीक पांढरी रेघ. मग त्या उठल्या आणि भर उन्हात राजेश्वरीकडे निघाल्या.

परसातून धूर येत होता. राजेश्वरी बंबासमोर बसली होती आणि ठसा तिच्या मांडीवर होता.

"ही रेघ काय हाय?" शांताक्कांनी बसायच्याही आधी विचारलं.

राजेश्वरीने आठवून सांगितलं. दरीच्या तोंडाशी उभं राहून दुर्बिणीने बघताना पिल्लाच्या पायावर काहीतरी चमकलं होतं. ऊन असेल असं वाटलं, तसं कोरलं.

"आणि पंजा मोठा का केलास?"

"केला न्हाय, अक्का. मोठाच दिसला. पहिला ठसा काढल्यावर मलाबी खटकलं, तासून बारीक करावा वाटलं. पण दिसला तसा ठेवला." तिने मान वळवली. "चुकलंच असंल माझं."

शांताक्कांनी तिच्या मांडीवरचा ठसा उचलून काखेत मारला आणि निकिताला फोन लावला.

तिघी शिवलिंगच्या गच्चीवर पोचल्या, तेव्हा तो टाकीशेजारच्या खोलीसमोर उभा होता. निकिताचा खाकी गणवेश बघून त्याचा चेहरा उतरला. शांताक्का मात्र निवांत कठड्यावर टेकल्या आणि बोलायला लागल्या. घाई करायची नाही, आरोपीच्या आधी आपला श्वास जागेवर येऊ द्यायचा, हे त्या नोकरीत शिकल्या होत्या.

त्यांनी एकेक गोष्ट मांडली. डाव्या कड्यावर रणधीर गेला, कारण त्याने चित्रावर भरवसा ठेवला. उजव्या कड्यावर जो गेला, त्याला घरट्याची जागा विचारायला चित्र लागलंच नाही. रोज आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला मोरघार आपली शिकार घेऊन कुठे उतरते ते ठाऊक असतं. त्याच्याकडे विहिरीचा सोल होता. आणि घरी कुत्रं नसताना तो पिसासकट मांस नेत होता, कारण रानातलं पिल्लू पिसासकटच खातं.

"जागा तुला म्हायती होती, शिवलिंगा. संक्रांतीपास्नं म्हायती होती," त्या म्हणाल्या. "तवा गेला न्हाईस. चित्र लागल्यावर गेलास. चित्रात तुला काय दिसलं, ते आता तूच सांग हिला."

शिवलिंगने राजेश्वरीकडे पाहिलं. मग त्याने कडी काढली.

आत, गोणपाटावर, पिल्लू उभं होतं. अंगावर पांढऱ्या लवेतून तपकिरी पिसं फुटत होती. त्याने चोच उघडून तिघींवर फिस्कारून घेतलं. एका पायाला हळद लावून स्वच्छ पट्टी बांधली होती आणि तोच पंजा दुसऱ्यापेक्षा अजून थोडा जाड होता.

"हॉटेलात समदे चोच बघत हुते," शिवलिंग म्हणाला. "आमी कबुतरवाले. पाखरू दिसलं की आमची नजर आधी पायावर जाती. ह्या पायावर रेघ दिसली. पटाशी चुकून लागली असती तर कुठंबी लागली असती, बाई. ही एकाच पायावर, आणि त्याच पायाचा पंजा सुजलेला. माझ्या पाखराच्या पायातला निळा मांजा हुता त्यो. घारीनं घरट्यात नेला आणि पिल्लाच्या पायाला आवळला. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय सडला असता."

मग खालच्या आवाजात तो पुढचं बोलला. "घर मोडीन म्हणलो हुतो चौकात. पण पाय बघितला आणि ऱ्हावलं न्हाय. कापायला गेलो तर दोरा मांसात रुतलेला, तिथं लटकून निघंना. म्हणून घरी आणलं. कुणाला सांगू? वनखात्याला सांगावं तर शपथ समद्यांनी ऐकलेली. कोण म्हणलं असतं, शिवलिंग वाचवायला गेला हुता?"

राजेश्वरी पिल्लासमोर उकिडवी बसली. तिने तो पंजा बराच वेळ पाहिला. तिने जसा कोरला होता, तसाच तो होता.

"म्हणजे माझ्या चित्रानं..." ती म्हणाली.

"तुझ्या चित्रानं सांगावा धाडला," शांताक्का म्हणाल्या. "तुला सुद्धा म्हायती न्हवतं काय सांगतोय ते. पण हात खोटं बोलला न्हाय तुझा."

राजेश्वरी रडली, आणि या वेळी तिला भाकरी द्यायची गरज नव्हती, म्हणून शांताक्का नुसत्या तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना फार बरं वाटत होतं.

६

पुढचं काम निकिताने केलं. न सांगता रानातलं पिल्लू घरी ठेवणं चूक आहे, हे तिने शिवलिंगला चांगलं कडक शब्दांत सुनावलं. मग साहेबांना फोन करून सगळं जसं घडलं तसं सांगितलं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पाय तपासला, सूज उतरतेय म्हणाले, आणि हळदीबद्दल काहीतरी पुटपुटून स्वतःचं औषध लावलं. आईबाप अजून दरीत आहेत तोवर पिल्लू परत ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलिंगच सोल धरून खाली उतरला. घरट्याची वाट त्याच्या पायाखालची होती आणि पिल्लूही त्याच्या हाताला सरावलं होतं. निकिता वर दोर धरून होती. बाकीचे समोरच्या कड्यावर सावलीत बसले. हरिबा कड्याच्या काठापासून चांगला लांब, झाडाला टेकून बसला होता. रणधीरही कॅमेरा घेऊन आला होता, पण शांताक्कांनी त्याला फोटो मागाहून दाखव म्हणून बजावलं होतं, आणि त्याने ऐकलं.

पिल्लू ठेवून शिवलिंग वर गेला. दुपार झाली. निकिताची काळजी सगळ्यांनाच कळत होती. माणसाचा हात लागलेलं पिल्लू आईने नाकारलं तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शांताक्कांनी सगळ्यांना शेंगदाणे वाटले.

मग मोरघार आली. दरीवर एक घिरटी घालून ती घरट्याच्या काठावर उतरली, तिच्या पंजात एक होला होता. पिल्लू तिच्याकडे धावलं, अडखळत, पण दोन्ही पायांवर. तिने शिकार खाली टाकली, मान खाली घातली आणि त्याला भरवायला लागली.

हरिबाने हात जोडले. राजेश्वरी शांताक्कांच्या कानाशी म्हणाली, "चूक असंल म्हणून म्या त्यो पंजा तासणार हुते, अक्का."

त्या उन्हाळ्यात राजेश्वरीने बरंच काम केलं. तिला आता कबुतरं कोरायची होती, म्हणून ती उन्हं उतरल्यावर शिवलिंगच्या गच्चीवर जाऊन बसायची. शांताक्काही जायच्या, चहा चांगला असायचा म्हणून. शिवलिंगची बायको भजी तळायची आणि तिघांच्या गप्पा रंगायच्या.

मेच्या अखेरीला अशाच एका संध्याकाळी कबुतरांचा थवा गावावरून गोल फिरून परतत होता. एकाएकी तो फुटला. वरून काहीतरी तपकिरी सूं करत खाली आलं, एका पाखराला धडकलं आणि जरा भेलकांडत, नवशिक्यासारखं, त्याला धरून घोडदरीकडे वळलं.

शिवलिंग कठड्याकडे धावला. त्याने घारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. डोळ्यांवर हात धरून तो लांबवर बघत राहिला.

"अक्का, त्योच हाय त्यो," तो म्हणाला. "एक पाय जरा खाली लोंबतोय, बघा. पहिलीच शिकार असंल त्याची." मग कपाळावर हात मारून घेऊन तो खाली बसला. "माझंच पाखरू घावलं व्हय रं तुला?"

त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. शांताक्का पोट धरून हसत होत्या. आणि राजेश्वरी, जी कबुतरं काढायला आली होती, तिने कागद उलटा करून मागची कोरी बाजू वर घेतली होती आणि मान वर न करता भराभर रेघा मारत होती.